दोन वाजून दहा मिनिटांचे दूध

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता रखमाजी गुरुजींनी माइक हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि काल संध्याकाळी स्पर्धेतल्या नऊपैकी आठ गाईंनी दूध दिले नसल्याचे जाहीर केले.

मांडवात सव्वाशे माणसे होती. त्यांतल्या आठ जणांनी काल संध्याकाळी स्वतः धारा काढल्या होत्या. एकाने आपल्या हातांकडे पाहिले.

गुरुजी पुढे वाचत गेले. नववी गाय पुंजारामची, नाव राणी. तिने सकाळी १४.८ आणि संध्याकाळी १२.६ असे एकूण २७.४ लिटर दूध दिले. सबब, नियम क्रमांक चारप्रमाणे यंदाच्या जास्त दुधाच्या स्पर्धेत पुंजाराम विजयी, आणि बक्षिसाची कडबाकुट्टी त्याची.

चारा कापायची ती कडबाकुट्टी व्यासपीठाच्या शेजारीच उभी होती. निळा रंग, दोन हॉर्सपॉवरची मोटर, गळ्यात झेंडूचा हार. भागिरथीबाई नऊ वाजल्यापासून तिच्या तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. निकाल ऐकल्यावरही त्यांनी हात काढला नाही.

त्यांना ही कुट्टी का हवी होती, हे तिसगावच्या पुढच्या त्या वस्तीत सगळ्यांना माहीत होते. वय एकसष्ट, गाय एक, तिचे नाव हरणी. दिवाळीपासून उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि मका कोयत्याने तोडून घालायचा तर हात खांद्याच्या वर न्यावाच लागतो. चाकणला नोकरी करणारा मुलगा गाय वीक म्हणून मागे लागला होता. शेवटी दोघांत ठरले होते : जत्रेत कुट्टी जिंकली तर हरणी राहील, नाही तर पुढच्या बाजाराला घोडेगावला जाईल. पुंजारामकडे बारा गाई होत्या आणि दोन कुट्ट्या आधीच होत्या.

नियम क्रमांक चार गुरुजींनीच लिहिला होता. गेल्या वर्षी मापातल्या फेसावरून भांडण झाले. फेस हे दूध धरावे की नाही, यावर जत्रा संपल्यावरही दोन दिवस चर्चा चालली. म्हणून यंदा ठरले की प्रत्येकाने एकच गाय लावायची, तिचे दूध संकलन केंद्रावर वेगळ्या किटलीतून आणायचे आणि केंद्राच्या कॉम्प्युटरवर छापून आलेली चिठ्ठीच प्रमाण मानायची. चिठ्ठ्या दोन, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. दोन्ही नसतील तर गाय बाद. तोंडी काहीही चालणार नाही. गुरुजी तीस वर्षे शाळेत हजेरी घेत होते. वर्गात बसलेल्या पण हजेरीच्या वेळी गप्प राहिलेल्या मुलाला ते गैरहजर लावत.

भागिरथीबाईंकडे चिठ्ठ्या दोन होत्या. पण दोन्हींवर ‘सकाळ’ असे छापले होते.

गोंधळ सुरू झाला. केंद्र चालवणारी जयमाला पुढे आली आणि तिने शपथेवर सांगितले की भागिरथी मावशी काल सहा वाजून पाच मिनिटांनी सगळ्यांच्या आधी आल्या होत्या, दिवा लागला होता, दूध १२.९ भरले. गुरुजी म्हणाले, हे तोंडी झाले.

जयमालाची मुलगी संस्कृती तेव्हा मांडवाच्या मागे गोडीशेव खात होती. ती नगरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिने भागिरथीबाईंच्या हातातली दुसरी चिठ्ठी घेतली आणि डोळ्यांजवळ नेली, कारण प्रिंटरची रिबन दोन वर्षांत बदललेली नव्हती. खाली, जिथे कोणी कधी पाहत नाही, तिथे वेळ छापलेली होती : १२:३५. ती खालीच बसली. रडते आहे असे वाटून जयमाला धावली. ती हसत होती.

“आई,” ती म्हणाली, “खिलारनं घोटाळा केला.”

हे समजायला तीन आठवडे मागे जावे लागते.

केंद्रावरचा कॉम्प्युटर २०११ सालचा. तो सुरू व्हायला इतका वेळ लागे की जयमाला आधी बटण दाबायची, मग शेण काढायला जायची. संस्कृती सुट्टीला आली आणि तिने नगरहून आणलेल्या वस्तू त्यात बसवल्या. जुनी हार्ड डिस्क बाजूला करून एसएसडी, एक जीबीच्या जागी आठ जीबी रॅम. आतल्या पंख्यातून एक वाटीभर पेंडीचा भुगा निघाला. आता बटण दाबल्यावर जयमालाला पदर खोचायलाही वेळ मिळेना.

जुने विंडोज मात्र काढता येत नव्हते. फॅट मशीन आणि वजनकाटा त्या एकाशीच बोलत, आणि दुधाचा प्रोग्राम लिहिणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. म्हणून संस्कृतीने ते तसेच ठेवले आणि शेजारी नवे विंडोज टाकले, पीक विम्याचे आणि सातबाऱ्याचे ऑनलाइन काम करायला. आता मशीन चालू केले की काळ्या पडद्यावर दोन नावे येत आणि दहा आकड्यापासून उलटी मोजणी सुरू होई. तेवढ्यात बाणाच्या बटणाने एक निवडायचे. निवडले नाही तर मशीन आपल्या मनाने निवडे.

इंग्रजीतली लांब नावे जयमालाच्या लक्षात राहीनात. तिने त्यांना आपल्या ओळखीची नावे दिली. जुने ते गावरान : थोडे खाते, सगळे सोसते, कधी आजारी पडत नाही. नवे ते जर्सी : काम भरपूर, पण सारखे काहीतरी लागते आणि मध्येच बसून रवंथ करते. संस्कृतीने पडद्यावर तीच नावे इंग्रजी अक्षरांत टाकून दिली. आठ दिवसांत सगळी वस्ती तशीच बोलू लागली. कोणी विम्याचा फॉर्म भरायला आला की बाहेरूनच विचारी, “जर्सी मोकळी हाय का?”

स्पर्धेच्या दिवशी सकाळचे दूध आठ वाजता आटोपले. जयमाला जत्रेच्या स्वयंपाकाला गेली, तिचा नवरा गोरक्ष टँकरबरोबर गेला. संस्कृतीला तीन तास आणि रिकामे मशीन मिळाले. कॉलेजसाठी तिला लिनक्स हवेच होते. तिने दुपारी ते टाकले, चालू केले, बंद केले, गावरान चालू केले, बंद केले, पुन्हा लिनक्स, मग जर्सी, मग पुन्हा लिनक्स. एकाच पेटीतून तीन वेगवेगळी जगे दहा-दहा सेकंदांत निघत होती, आणि तिला ते थांबवावेसे वाटेना. अकरा वेळा तिने मशीन बंद-चालू केले. तिसऱ्या नावाच्या जागी तिने ‘खिलार’ लिहिले : वेगाने पळते आणि अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाही. मग ती रहाटपाळण्यात बसायला गेली.

सहा वाजता जयमालाने गावरान निवडले. भागिरथीबाई पहिल्या. हरणीचे दूध काट्यावर ठेवले तर पडद्यावर प्रश्न आला : या वेळची नोंद आधी आहे, दुसरी कॅन आहे का? होय किंवा नाही. हा प्रश्न तिला रोजचा होता. मोठ्या गोठ्यांचे लोक एका वेळी दोन-दोन कॅन आणत आणि ती न वाचता होय दाबत असे. तिने होय दाबले. पुढच्याला तेच. त्याच्या पुढच्याला तेच. रांग दारापर्यंत आणि सगळ्यांना जत्रेत परत जायची घाई. जयमालाने त्या संध्याकाळी एकेचाळीस वेळा होय दाबले, आणि मशीनने एकेचाळीस वेळा संध्याकाळचे दूध सकाळच्या दुधात ओतले.

पुंजाराम नेहमीप्रमाणे शेवटी आला. बारा गाईंच्या धारा व्हायला वेळ लागतो. त्याच्या वेळी मात्र मशीनने काहीच विचारले नाही, आणि त्याच्या चिठ्ठीवर ‘संध्याकाळ’ छापून आले.

हे सगळे संस्कृतीने मांडवात माइकवर सांगितले. खिलारची रीत वेगळी आहे, ती म्हणाली. पेटीच्या आत एक छोटे घड्याळ असते. खिलार त्यात ग्रिनिचची वेळ लावून ठेवते आणि आपल्याला दाखवताना साडेपाच तास मिळवून दाखवते. गावरानला हे माहीत नाही. ते पेटीत जे दिसेल तीच आपली वेळ समजते. म्हणून काल संध्याकाळी सहा वाजता गावरानच्या लेखी दुपारचे साडेबारा वाजले होते, आणि दुधाच्या प्रोग्रामला दुपारी दोनपर्यंत सकाळच असते.

“हे ग्रिनिच कुठल्या तालुक्यात येतं?” मागून कोणीतरी विचारले.

गुरुजींनी हात वर करून हशा थांबवला. मुलगी हुशार आहे, ते म्हणाले, पण हेही तोंडीच झाले. संस्कृतीने मोबाईल काढला तर ते म्हणाले की मोबाईल नियमात नाही, केंद्राचा कॉम्प्युटर आहे. त्याला जे म्हणायचे असेल ते त्याने इथे येऊन म्हणावे.

मग कॉम्प्युटर आणायचे ठरले. दुधाच्या कॅनच्या ढकलगाडीवर आधी गोधडी टाकली, तीवर पेटी, पडदा आणि प्रिंटर ठेवला, आणि सात माणसांनी तो रस्त्याने मांडवापर्यंत आणला. त्यांतल्या तिघांनी फक्त वायरी धरल्या होत्या. वाटेत एका बाईने मशीनला कुंकू लावले. बँडवाले मोकळेच बसले होते, ते मागे लागले. कनिफनाथाच्या देवळासमोरच्या मांडवाशी गाडी थांबली तेव्हा दहा वाजून पन्नास मिनिटे झाली होती.

संस्कृतीने बटण दाबले. पडद्यावर तीन नावे आली आणि मोजणी सुरू झाली. पुढच्या रांगेतल्या पोरींनी आकडे मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि सहापर्यंत येईतो अख्खा मांडव मोजत होता. पाच, चार, तीन. तिने खिलार निवडले. कोपऱ्यात वेळ आली : दहा बावन्न. मांडवाने टाळ्या वाजवल्या.

तिने ते बंद करून पुन्हा बटण दाबले. दहा, नऊ, आठ. या वेळी गावरान. वेळ आली : पाच चोवीस. जयमालाने एक कोरी चिठ्ठी काढून दाखवली. तिच्यावरही पहाटेचे पाच चोवीस. कोणीतरी दोन्ही हात डोक्यावर ठेवून ऊन किती पडले आहे ते दाखवले.

“एक हे म्हणते, एक ते म्हणते,” गुरुजी म्हणाले. “दोन्ही केंद्राच्याच. मी कोणाचं धरू?”

“तिसरीला विचारा,” मांडव म्हणाला.

तिसरी जर्सी. दहापासून एकपर्यंत इतक्या जोरात मोजले गेले की शेजारच्या शेतातले बगळे उडाले. जर्सी उघडली आणि पडद्यावर निळ्या रंगात एक गोल फिरू लागला. अपडेट चालू आहे, मशीन बंद करू नका.

सोळा मिनिटे तो गोल फिरला. कोणी जागचे हलले नाही. “बसली रवंथ करत,” असे जयमाला दोनदा म्हणाली. चहा आला. पुंजाराम कडबाकुट्टीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि भागिरथीबाईंना, म्हणजे आपल्या चुलत वहिनीला, समजावू लागला. राग नसावा, निकाल कागदाचा आहे, आपण काही बोललो नाही. हवे तर रोज पाटीभर मका आपल्याकडून कापून न्यावा.

भागिरथीबाईंनी त्याच्याकडे त्याची चिठ्ठी मागितली. त्याने अभिमानाने दिली. ती घेऊन त्या संस्कृतीकडे गेल्या आणि खालचा आकडा वाचून घेतला. १४:१०. म्हणजे किती, त्यांनी विचारले. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे, संस्कृतीने सांगितले. भागिरथीबाईंनी चिठ्ठीची घडी घातली आणि चहा प्यायला बसल्या. पुढची दहा मिनिटे त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.

अकरा चौदाला जर्सी जागी झाली. कोपऱ्यात पाच चव्वेचाळीस. मांडवातून सुस्कारा निघाला. दोन विरुद्ध एक झाले होते आणि खोटे जिंकत होते. पुंजारामने फेटा सारखा केला. एवढ्यात संस्कृतीच्या मोबाईलमधून जर्सीला इंटरनेट मिळाले, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाच पंचेचाळीसचे अकरा पंधरा झाले. बँडवाल्यांनी न सांगता वाजवायला सुरुवात केली.

त्यांना थांबवायला गुरुजींना दोन मिनिटे लागली. जी सव्वाशे लोकांसमोर जबानी फिरवते, ते म्हणाले, तिची साक्ष मी कशी धरू?

तेव्हा भागिरथीबाई उठल्या. त्यांनी माइक घेतला नाही.

“भाऊजी,” त्या पुंजारामला म्हणाल्या, “ही चिठ्ठी तुमचीच ना?”

“माझीच.”

“अन् खरी हाय?”

“वहिनी, मशिनची हाय. खोटी कशी आसंल?”

“मंग काल दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तुमी केंद्रावर किटली घेऊन हुता.”

पुंजारामचा हात फेट्याकडे गेला. काल दुपारी एकपासून चारपर्यंत तो कुठे होता हे वस्तीने, तिसगावने आणि नेवाशाहून आलेल्या चाळीस पैलवानांनी पाहिले होते. तो हगाम्यात होता, कुस्त्यांच्या आखाड्याच्या मधोमध, पंच म्हणून, आज डोक्यावर होता तोच गुलाबी फेटा बांधून. आणि त्या दुपारची एक कुस्ती त्याने त्याच्याच पुतण्याला, रविराजला दिली होती. नेवाशाचा पैलवान पाठीवर पडला की कुशीवर, यावरून आखाड्यात पाच मिनिटे आरडाओरडा झाला होता. चांदीची गदा अजून रविराजच्या खांद्यावर होती. त्याने ती खाली उतरवली.

“तुमी जर केंद्रावर हुता,” भागिरथीबाई म्हणाल्या, “तर आखाड्यात फेट्यात कोन हुतं?”

नेवाशाचे दोन पैलवान गोडीशेव घेऊन मांडवाच्या कडेला उभे होते. ते पुढे सरकले.

मी आखाड्यातच होतो, पुंजाराम घाईने म्हणाला. एक क्षणभरही हललो नाही. मग चिठ्ठी खोटी, भागिरथीबाई म्हणाल्या. पुंजारामने गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी सवयीने सांगितले की हे सगळे तोंडी आहे.

“तोंडी न्हाई,” भागिरथीबाई म्हणाल्या. “हगाम्याची वही कोन लिवतं?”

हगाम्याची वही गुरुजी लिहीत. गेली अकरा वर्षे, शाईच्या पेनाने, प्रत्येक कुस्तीची वेळ मिनिटासकट. वही त्यांच्याच पिशवीत होती. त्यांनी ती काढली, पान उलटले आणि बराच वेळ पाहिले. मग त्यांनी वाचून दाखवले, कारण लिहिलेले वाचून न दाखवणे त्यांना आयुष्यात जमले नव्हते : कुस्ती क्रमांक तेवीस, सुरुवात दोन वाजून चार मिनिटे, निकाल दोन वाजून दहा मिनिटे, विजयी रविराज, पंच पुंजाराम. खाली सही रखमाजी. शेजारी सही पुंजाराम.

एका बाजूला मशीनचा कागद होता आणि दुसऱ्या बाजूला गुरुजींचे अक्षर. दोन्ही खरे असू शकत नव्हते. गुरुजींनी चष्मा काढून उपरण्याने पुसला, पुन्हा लावला आणि वही पुन्हा पाहिली. अक्षर तेच होते.

“माझ्या वहीत चूक नाही,” ते म्हणाले.

मग त्यांनी माइक घेतला आणि सगळे पद्धतशीर केले. केंद्राच्या चिठ्ठ्यांतील लिटर प्रमाण. चिठ्ठ्यांतील वेळ, हगाम्याच्या वहीशी विसंगत असल्याने, रद्द. सबब नऊही गाईंनी दोन्ही वेळा दूध दिले आहे. हरणी सकाळी १५.२, संध्याकाळी १२.९, एकूण २८.१. राणी एकूण २७.४. फरक सातशे मिलिलिटर. विजयी भागिरथीबाई. नियम क्रमांक पाच, पुढच्या वर्षापासून : स्पर्धेच्या दिवशी केंद्राच्या कॉम्प्युटरमध्ये नवीन जनावर आणू नये.

त्यानंतर काय वाजत होते ते नीट सांगता येणार नाही, कारण बँड, हलगी आणि रहाटपाळण्याचा भोंगा एकदमच सुरू झाले. रविराजने गदा पुन्हा खांद्यावर घेतली. संस्कृतीने सगळ्यांसमोर खिलारला एकच ओळ लिहून ग्रिनिच सोडायला लावले. मग तीन वेळा बंद-चालू करून तिन्ही जणी एकच वेळ सांगतात हे दाखवले. तिन्ही वेळा मांडवाने दहापासून मोजले. चौथ्यांदा दाखवायची गरज नव्हती, पण लोकांनी आग्रह केला.

कुट्टी भागिरथीबाईंच्या घरी न्यायची तर पिकअप फक्त पुंजारामकडे होती. त्याने ती स्वतः चालवली, आणि उतरवताना जड बाजूही स्वतःच धरली. वायर जोडून देताना तो म्हणाला की वहिनी, तुमच्यासारखा वकील मला मिळाला असता तर शेजारच्या बांधाचा निकाल केव्हाच लागला असता. तो बांध माझाच हाय, भागिरथीबाई म्हणाल्या.

गोठ्यासमोर पन्नास-साठ माणसे जमली होती. हरणी दाव्याला ताण देऊन त्या निळ्या मशीनकडे पाहत होती. जयमालाने मक्याची पेंढी कुट्टीच्या तोंडाशी ठेवली. भागिरथीबाईंनी डाव्या हाताने बटणावर बोट ठेवले आणि थांबल्या.

“काय झालं?” पुंजारामने विचारले.

“मोजा की,” त्या म्हणाल्या.

आणि सगळ्यांनी दहापासून मोजायला सुरुवात केली.